सुलाआत्याची फांदी

आमच्या घरात मारामारीला कारण लागत नसे, हाताशी एखादी वस्तू असली की पुरे. आईच्या हाताशी फुंकणी असायची, रवी असायची, कधी ओल्या गोणपाटाचा पिळा असायचा. यातलं सगळं माझ्या पाठीवर बसलेलं आहे आणि त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. आमच्या बाजूला त्या वेळी सगळ्याच पोरांच्या पाठी तशा होत्या. घर म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि त्यांच्याभोवती माझ्या वडिलांची रोपवाटिका. कोल्हापूर संपून उसाची शेतं सुरू होत, तिथं रस्त्याच्या कडेला. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की मांडणीवरची भांडी थरथरत राहत आणि गुऱ्हाळावरचा गोड, जळका वास भाकरीलासुद्धा लागायचा. वडिलांना सगळे दादाच म्हणायचे, मीही. दादांनी आयुष्यात कुणावर हात उगारला नाही. घरात आवाज चढला की ते पाण्याची नळी उचलून मागच्या वाफ्यांकडं जात. त्यामुळं आमच्या मागच्या वाफ्यातली रोपं कायम जादा पाण्यानं कुजलेली असायची.

सुलाआत्या ही दादांची धाकटी बहीण. ती कबनूरला दिलेली. तिचे मालक, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, यंत्रमागावर कामाला होते. मामा दारू पीत नव्हते. जे काही करायचे ते पूर्ण शुद्धीत करायचे, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामाला जायचे. वर्षातून एकदोनदा आत्या सुजलेलं तोंड घेऊन एस.टी.तून उतरायची, आमच्याकडं राहायची, मग मामा यायचे, चहा व्हायचा, आणि दादा तिला परत नेऊन सोडायचे. त्या वर्षी ती आली तेव्हा तिचा डावा कान बधिर झाला होता. दारात चप्पल काढायच्या आधीच ती दादांना म्हणाली, "आता मी जाणार न्हाय. तू सोडाय आलास तरी मी मागारी येणार." दादा म्हणाले, "बघूया." आई चुलीपुढं होती. तिनं भाकरी तव्यावर अशी आपटली की ती दुमडली.

आईला आत्या नको होती. हे तिनं कधी लपवलं नाही. दोन खोल्यांत आम्ही तिघंच एकमेकांच्या अंगावर येत होतो, त्यात चौथं माणूस, तेही नणंद, तेही कायमचं. लोक विचारायचे, लग्न झालेली बहीण किती दिवस ठेवणार? हा प्रश्न दादांना कुणी विचारत नसे, आईला विचारत. त्यात आत्या आईच्या स्वयंपाकात हात घालायची. कांदा-लसणाच्या चटणीत आई खोबरं भाजून घालायची, आत्या म्हणायची तीळ जादा पाहिजेत. एकदा यावरनं आईनं चटणीचा हात तसाच आत्याच्या तोंडावरनं फिरवला. आत्या आंधळ्यासारखी हौदापर्यंत गेली, डोळे धुतले, परत आली आणि आईच्या अंबाड्याला धरून तिला उंबऱ्याबाहेर ओढलं. मी तेव्हा नववीत होते. मी मध्ये पडले नाही. कढईतलं पिठलं लागायला लागलं होतं, ते खाली उतरवलं. त्या दिवशी आम्ही तिघी एकाच ताटात कांदा फोडून जेवलो. जेवताना भांडायचं नाही, एवढा एक नियम आमच्या घरात होता.

पण त्या दोघींचं खरं युद्ध एका झाडावरनं झालं. जवळच्या एका बंगल्यातल्या बाई बदली होऊन गेल्या, तेव्हा त्यांनी जाताना दादांना एक कुंडी दिली होती. कुठल्याशा डोंगरातून आणलेला जपानी मेपल. बुटका, वीतभर उंचीचा बुंधा, पंज्यासारखी पानं, प्रत्येक पानाला पाच-सात बोटं. आम्ही त्याला नुसतं 'जपानी' म्हणायचो. थंडीचं झाड ते, त्याला इथलं काही मानवत नव्हतं. उन्हाळ्यात पानांची टोकं जळायची, आणि हिवाळा पुरेसा पडत नाही म्हणून पानं गळायचीच नाहीत, फांदीवरच मळकट होऊन लोंबत राहायची. झाडाला झोप लागावी म्हणून मार्गशीर्षात आम्ही ती हातानं खुडायचो. पान ओरबाडायचं, देठ ठेवायचा. देठ मग आपोआप पडतो. एका सकाळी पानांनी भरलेलं झाड आणि दुपारी नुसती काटकी. गिऱ्हाईक विचारायचे, मेलं काय हो? मी आता बायकांना बोन्साय शिकवते. पहिल्या दिवशी पानं ओरबाडायला सांगितली की निम्म्या बायकांचे हात थांबतात. मी त्यांना सांगते, दया येत असेल तर मनीप्लांट लावा.

या झाडाच्या उजव्या अंगाला अंगठ्याएवढी जाड एक फांदी होती आणि ती सरळ वर निघाली होती. बुंधा कुठला नि फांदी कुठली, कळायचं नाही. आई म्हणायची, कापून टाकायची. आंब्याची कलमं करून तिचा हात तयार झालेला, जादा दिसलं की कापायचं हे तिचं शास्त्र. आत्या म्हणायची, वाकवून आडवी करायची, कारण त्या बाजूला दुसरी फांदीच नाही, ही गेली तर झाड पडल्यासारखं दिसेल. आत्याला झाडांतलं काही येत नव्हतं तेव्हा, पण ती दिवसातून दहादा त्या कुंडीभोवती फिरायची आणि तिचं म्हणणं बरोबर होतं. आईचंही चूक नव्हतं. एवढी जाड फांदी वाकताना फुटते. मोसमभर दोघी यावरनं भांडल्या. भाकरी थापताना, गोण्या उचलताना, गिऱ्हाइकांसमोर. आईनं एकदा पाण्याची भरलेली झारी आत्याच्या पाठीत घातली, ती याच फांदीवरनं. पुढं माझ्याकडं बोन्साय शिकायला येणाऱ्या एका बाईंनी हे सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, आत्या स्वतःलाच त्या फांदीत बघत असणार. आत्या फांदीत फांदी बघत होती. तिला ते झाड नीट व्हायला हवं होतं.

पानं खुडून झाली आणि आईनं ठरवलं की आता बोलणं बास. सिकेटर, म्हणजे फांद्या कापायची ती स्प्रिंगची जाड कात्री, घेऊन ती कुंडीपुढं बसली आणि फांदीच्या बुडाशी पातं लावलं. आत्या हौदावर कपडे आपटत होती. ती तशीच ओल्या हातानं आली आणि तिनं पात्यात आपलं बोट घातलं.

"काढ बोट," आई म्हणाली.

"न्हाय काढत."

आईनं दाबलं. मी समोर उभी होते, मला ते दिसलं. बोटातनं रक्त आलं, फांदीवरनं ओघळून कुंडीतल्या शेवाळावर पडलं, आणि आत्यानं बोट काढलं नाही. आईनं आणखी दाबलं असतं तर कांडं खाली पडलं असतं. तिनं सिकेटर सोडलं, दुसऱ्या हातानं आत्याच्या थोबाडीत मारली, मग उठून घरातनं हळद आणि चिंधी आणली आणि बोट बांधलं, इतकं आवळून की आत्या ओरडली ती तेव्हा. गाठ मारता मारता आई म्हणाली, "वाकीव मग. मोडली तर तुजा हात मोडतो."

आणि त्याच आठवड्यात तिनं कबनूरला निरोप धाडला. झेंडूची रोपं न्यायला तिकडचा एक माणूस यायचा, त्याच्याकडं. सुलाला घेऊन जावा म्हणावं, आता बास झालं. मी रोपं कागदात गुंडाळत होते, माझ्यासमोरच ती बोलली. एकीकडं तिनं फांदी वाकवायला परवानगी दिली होती आणि दुसरीकडं वाकवणारीला घालवायची सोय केली होती. आईला यात काही विचित्र वाटत नव्हतं. झाडाचं काम वेगळं, घरात माणूस किती हा हिशेब वेगळा.

वाकवायचं ठरलं ते रविवारी सकाळी. आदल्या दिवशी आईनं गोणपाटाच्या पट्ट्या फाडून भिजत घातल्या होत्या. पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानातनं दादांनी तांब्याची जाड तार आणली होती. ही तार निखाऱ्यात लाल करून गार केली की सुतळीसारखी वळते, आणि झाडाभोवती वळवली की पुन्हा कडक होते, मग फांदीला जागची हलू देत नाही. हौदाच्या सावलीत पालथ्या ड्रमवर कुंडी ठेवलेली. बाजूला शेगडी, तीत तारेची वेटोळी, आणि मी सुपानं वारा घालत होते. अशा कामाला दोन माणसं लागतात. एकीनं दोन्ही अंगठे फांदीच्या आतल्या बाजूला रोवून कणाकणानं दाबत न्यायचं, दुसरीनं पाठोपाठ ओलं गोणपाट आणि त्यावर तार चढवत यायचं. दाबणारीनं मध्येच सोडलं तर फांदी उसळून परत जाते आणि जाताना उभी चिरते.

आत्या दाबत होती, आई बांधत होती. फांदी निम्म्यावर आली आणि 'कट्' असा आवाज झाला. लहान आवाज, पण तिघींनाही ऐकू आला. आत्याचा बधिर कान फांदीच्या बाजूला होता, तरी तिला तो कसा ऐकू आला, देव जाणे. अंगठ्यात कळला असेल.

"वैनी, फुटली."

"सोडू नगंस."

"न्हाय सोडत. बांधा तुमी."

फुटलेली फांदी आहे तिथंच घट्ट दाबून धरली आणि वरनं आवळून बांधली तर चीर मिटते, साल भरून येते. जरा जरी ढिली पडली तरी चीर उघडते, वारा शिरतो आणि फांदी वाळते. तेव्हा आता पुढंही नाही, मागंही नाही. आत्याच्या अंगठ्यांची नखं पांढरी झाली होती आणि बांधलेल्या बोटातनं पुन्हा रक्त यायला लागलं होतं. आई खाली मान घालून वेढे देत होती. मोटारसायकल येऊन थांबली ती याच वेळी.

मामा आले ते हसत आले. आईनं बोलावलं होतं, पाहुणचाराची अपेक्षा होती. त्यांनी मला विचारलं, काय शैला, अभ्यास काय म्हणतोय? मग आत्याला म्हणाले, "चल. आवर."

आत्यानं वर बघितलं नाही. "हात मोकळा न्हाय. जरा थांबा."

मला आजही वाटतं, ती रडली असती, पळाली असती, नाही म्हणाली असती तरी मामांना चाललं असतं, त्यांना ते सवयीचं होतं. पण थांबा म्हणाली, आणि तेही एका काटकीसाठी. त्यांनी मागनं तिचा अंबाडा मुठीत धरला आणि मागं ओढला. तिचं तोंड आभाळाकडं झालं, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. दुसऱ्या हाताची मूठ त्यांनी तिच्या पाठीत घातली, मग कमरेत गुडघा. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज येत होता. मी सूप टाकून त्यांच्या हाताला लोंबकळले, त्यांनी मला झटकलं तशी मी हौदाच्या कठड्यावर आपटले. माझ्या भुवईतली खूण तेव्हाची. खालून मला आत्याचे हात दिसत होते. सगळं अंग हलत होतं, डोकं मागं होतं, तोंडातनं आवाज निघत होता, आणि दोन अंगठे फांदीवर जिथं होते तिथंच होते. अंबाडा सुटला, केसांचा पुंजका मामांच्या मुठीत आला, त्यांनी पुन्हा धरलं.

"तुमीच निरोप धाडलासा की वैनी," मामा धापा टाकत म्हणाले, "आता मुंडी खाली घालून काय बसलाईसा? सांगा की हिला."

आई वेढे देत होती. एक, त्याला चिकटून दुसरा, मग टोक दाबून आत वळवलं, पकडीनं पिळलं. बोटानं दाबून बघितलं, हलत नाही ना. मग म्हणाली, "झालं. काढ हात."

आत्यानं हात काढले. आई उठली, सांडशीनं शेगडीतलं लाल वेटोळं उचललं आणि मामांच्या मनगटावर टेकवलं. घाईनं नाही, गरम पातेलं खाली ठेवावं तसं, जागा बघून. जळक्या केसांचा आणि कातड्याचा वास आला. मामांची मूठ उघडली. ते असे ओरडले की रस्त्यावरची ट्रॉली थांबली. आत्याचे हात आता मोकळे होते. तिनं मातीची रिकामी कुंडी उचलून त्यांच्या नडगीवर घातली, ते झेंडूच्या वाफ्यात आडवे झाले, तिनं दुसरी उचलली. दुसरी खांद्यावर फुटली. तिसरी आईनं तिच्या हातातनं काढून घेतली, कारण ती चांगल्यातली होती.

"निरोप हिला न्यायचा हुता," आई मामांना म्हणाली. "माज्या दारात मारायला न्हवता. हिला मारायचंच झालं तर मी हाय की हितं. कबनूरास्नं कुणी यायला नगं."

दादा नळी हातात घेऊन कोपऱ्यावर उभे होते. पाणी त्यांच्याच पायांवर पडत होतं.

पुढं कितीतरी वर्षांनी मी आईला विचारलं, ते मारत होते तेव्हा लगेच का उठली नाहीस? तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, "तार अर्धी सोडली आसती तर फांदी गेली आसती. तिनं धरली ती कशापायी मग?"

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. कबनूरहून मामा, त्यांचे थोरले भाऊ आणि सगळे ज्यांना आप्पा म्हणत असे एक वयस्कर गृहस्थ आले. मामांच्या मनगटाला पांढरी पट्टी होती. आईनं पोहे केले, चहा केला, मामांनासुद्धा बशी हातात नेऊन दिली. आप्पांनी सुरुवात केली. दोन्हीकडनं वाईट झालं, पण पोलिसात जाऊन कुणाचं भलं होत नाही, बाईमाणसाचं घर ते नवऱ्याचं घर, तेव्हा आज चांगला वार आहे, ओटी भरा आणि धाडा. याआधी प्रत्येक वेळी हेच झालं होतं आणि प्रत्येक वेळी ओटी भरली होती. आत्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलेली. डोक्याच्या एका बाजूची कातडी उघडी दिसत होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, धाडणार काय गं? मी म्हटलं, मला काय ठावं. दादा पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होते. मला खात्री आहे, ते आता बघूया म्हणणार होते.

आई दाराच्या चौकटीत उभी होती. ती म्हणाली, "फांदी बसल्याबिगार ती हलणार न्हाय."

"कसली फांदी?" आप्पांनी विचारलं.

सगळ्यांना हौदापाशी नेलं. आप्पांनी चष्मा पुसून बघितलं. एक पान नसलेली काटकी, तिला गोणपाटाची पट्टी, वर तांब्याची तार. "हे मेलंय की ओ," ते म्हणाले.

"जित्तं हाय. चीर पडलीया. हिनं धरली म्हणून ऱ्हायली, आता हिनंच बघाय पायजे. मला न्हाय जमत."

आईनं आपल्याला काही जमत नाही असं म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. मामा म्हणाले, "झाडापायी माजी बायकू ठेवून घेणार व्हय?" त्यांच्या भावालाही ते हसण्यासारखं वाटलं असावं, पण ते हसले नाहीत. आप्पा दादांकडं वळले. "तुमी झाडातलं माणूस, दादा. खरं हाय काय हे?"

दादांच्या हातात तेव्हा नळी नव्हती. त्यांनी एकदा आईकडं बघितलं, एकदा खिडकीतनं दिसणाऱ्या आत्याच्या डोक्याकडं. मग म्हणाले, "व्हय. धरणारा हात बदलला की ह्या जातीचं झाड मरतंय."

हे साफ खोटं होतं. असली कुठली जात जगात नाही. पण तीस वर्षं रोपं विकलेला माणूस ते इतक्या सावकाश म्हणाला की आईनंसुद्धा मान डोलावली. आप्पाही खिडकीकडं बघत होते. त्यांना ते खोटं कळलं असावं असं मला वाटतं. पण गावात जाऊन काय सांगायचं हा त्यांचा प्रश्न होता, आणि ते उघडं डोकं सांगण्यापेक्षा फांदी सांगायला बरी होती. ते म्हणाले, "बरं. बसली की कळवा." मामा काही बोलणार होते, आप्पांनी त्यांच्या दुखऱ्या मनगटाला धरून त्यांना मोटारसायकलीकडं नेलं.

फांदी पावसाळ्यात बसली. तार काढली तेव्हा चिरेच्या जागी नुसता एक फुगवटा उरला होता. आम्ही कळवलं नाही, त्यांनी विचारलं नाही. झाड पुढं एका कडक उन्हाळ्यात वाळून गेलं, तेव्हा आत्यानं ते उपटून चुलीत घातलं आणि कुंडी धुऊन ठेवली. आत्या अजून आहे, आणि अजून चटणीत तीळ जादा घालते.

पण त्या दुपारचं सांगायचं राहिलं. पाहुणे गेले, बशा धुऊन झाल्या, आणि आईनं आमचं लोखंडी कपाट उघडून त्यातला खालचा खण जमिनीवर रिकामा केला. आत्याचे कपडे आल्या दिवसापासून दाराच्या खिळ्याला पिशवीत टांगलेले असायचे. आई ओरडून म्हणाली, ती पिशवी येता-जाता तोंडाला लागते, घाल तुझी लुगडी ह्यात. आत्या आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, खालच्या खणात ओल येते, मला मधला पाहिजे. आई म्हणाली, मधल्यात माझ्या लग्नातले शालू आहेत. आत्या म्हणाली, शालू नेसतंय कोण? आईनं कपाटाचं दार तिच्या खांद्यावर आपटलं. दिवेलागणीपर्यंत दोघी भांडत होत्या, दादा नळी घेऊन मागं गेले होते, आणि भात मी लावला. मधला खण आत्याला मिळाला.